काळी देवाची, लाल कुणाची?

लाल मुंगी दिसली की तुमचा हात आधी कशाकडे जातो, भिंगाकडे की फवाऱ्याकडे?

बंगळुरूत, जे. पी. नगरात आमच्या इमारतीमागे आंबा आहे. आई दर शनिवारी त्याच्या बुंध्याशी साखर-रवा टाकते, पण फक्त काळ्या मुंग्यांना. काळी देवाची, लाल वैरीण, हे वर्गीकरण तिने माहेराहून आणलं. यंदा लाल मुंग्यांनी वरची पानं शिवून घरटी केली. फांदीला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालताना वरच्या मजल्यावरच्या अक्कांच्या मानेला त्या कडकडून चावल्या. सोसायटीने फवारणी ठरवली.

आमच्या घरी विज्ञान चळवळीची पत्रकं असायची. त्यांच्या घड्या घालतच मी वाढले. मी लिफ्टमध्ये कागद चिकटवला: कुळ फॉर्मिसिडी, प्रजाती ओइकोफिला, जाती स्मॅराग्डिना. झाडावरचे किडे खाणारी, झाडाची राखणदार.

अक्का जुन्या बंगळुरी मराठी घरातल्या. म्हणाल्या, "नाव एवढं लांब, म्हणून स्वल्प कमी चावते काय गं?"

आईने विचारलं, "माझ्या काळ्या मुंग्यांचं कुळ कोणतं?"

"तेच. फॉर्मिसिडी."

"ती लाल असूनही?"

"कुळ रंगावरून ठरत नाही, आई."

पण माझ्याच कागदावरचं नाव मला खुपलं. स्मॅराग्डिना म्हणजे पाचूसारखी. हिरवट असते ती राणी. नाव बहुधा तिच्यावरूनच पडलं. पानं ओढून धरणाऱ्या लाल, शिवणीचा रेशमी धागा देतात त्या अळ्या. राबणाऱ्यांचा रंग नावात नाहीच. शास्त्राचं वर्गीकरण आईच्यापेक्षा खरं आहे, पण नाव देणारी नजर तिथेही आधी सिंहासनाकडे गेली. मला याचा राग येतो.

संध्याकाळी आई खाली गेली आणि तिने ती दोरी सोडली. मुंग्या तिच्यावरूनच ये-जा करत होत्या. दोरी गच्चीत बांधून ती म्हणाली, "अक्का, आता इथे वाळत घाला."

"सरी, चालेल. पण पुन्हा चावली तर मीच औषध मारणार हं."

फवारणी महिनाभर पुढे गेली. रद्द झालेली नाही.

तुमच्या आवारातही असं झाड असेल. फवारणीवाल्याला बोलावण्याआधी त्याच्याखाली जरा थांबा, मुंगी कोणती ते ओळखा, तिची वाट शोधा. वाटेत तुमची दोरी असेल तर ती सोडा.