खिडकीला धरलेल्या निगेटिव्ह

आई त्या ऑपरेशनमधून नीट उठली, म्हणून हे आता हसत सांगता येतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आईच्या पोटात गाठ निघाली. तिला नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं. लग्न पुढं ढकलू का म्हटलं, तर मलाच झापलं. पण डॉक्टरांनी ऑपरेशनच्या कागदावर अंगठा मागितला, तेव्हा बाई अडून बसली. "पोरीचं लगन पाह्यल्याबिगर मी अंगठा देत नाही. फोटू आण, मंग पाहू." लग्न रविवारी, ऑपरेशन मंगळवारी.

फोटो काढायचा मक्ता मीच घेतला. ओळखीच्या मास्तरांचा डबा कॅमेरा मागून आणला आणि आमच्या गावी, रामाकोन्याच्या मांडवात मोठा शहाणा होऊन मिरवलो. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. उजेड चांगला मिळेल म्हणून मी तिला चुन्यानं पोतलेल्या भिंतीपुढं भर उन्हात उभं केलं. बाराही फोटो तिथंच.

सोमवारी सकाळी जवळच्या सौंसर गावातल्या स्टुडिओवाल्यानं रोल धुतला, वाळवला आणि पट्ट्या कापून ट्यूबलाइटपुढं धरल्या.

"भाऊ, पांढऱ्यावर पांढरं काहून घेतलं? सारं काळं होऊन राहिलं न!"

साडी काळी, भिंत काळी. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"मंग गेलं सारं?"

"थांबा ना बाप्पा. चेहरे आले आहेत. छापताना सांभाळून घेतो. पण कागद सरला, चार दिवस लागतील."

चार दिवस कुठून आणू? मी निगेटिव्हच मागितल्या. ओरखडा पडला तर जन्मभर राहील, असं बजावत, हो-ना करत त्यानं त्या बटर पेपरात गुंडाळून पाकिटात घालून दिल्या. बस मिळाली, जागा मिळाली नाही. नागपूरपर्यंत पाकीट छातीशी धरून उभा होतो.

आई वॉर्डातल्या खिडकीशी बसली होती. तिनं पट्टी उजेडात धरली, डोळे बारीक केले.

"काळी साडी काहून नेसवली रे?"

"यात उलटं असते, आई. काळं दिसते ते पांढरं समजायचं."

मग ती एकेक चौकोन पाहत गेली. हा नवरदेव काय? उंच हाय न? रडली काय पोरगी? मी सांगत गेलो. शेवटच्या चौकोनाशी ती थांबली. त्यात बहीण एकटीच होती, आणि त्या काळ्या भिंतीपुढं तिचे केस पांढरेशुभ्र दिसत होते. मला वाटलं, आता बिनसलं.

"पाह्य बरं," आई म्हणाली, "पोरगी म्हातारपणी कशी दिसंन, तेबी दिसलं मले. तोवर कुठी जगतो मी, याचाच घोर होता."

आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. माझा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर सटकलो.

परत आलो तर नर्सबाई कागद घेऊन निघाली होती. आईचा अंगठा निळा झाला होता आणि पट्ट्या तिनं दुसऱ्या हातात उंच धरल्या होत्या.

"हे घे बरं लवकर," ती माझ्यावरच खेकसली, "पोरीच्या साडीले शाई लागंन."