डेस्मंडरावांचं चित्र आम्ही देणार नाही

आमचे घरमालक डेस्मंड गेल्याची बातमी आणि ‘चित्रं उतरवून ठेवा’ हा हुकूम मला एकाच फोनवर मिळाला. फोन त्यांच्या पुतण्याचा, डब्लिनहून. काका पहाटे हॉस्पिटलमध्ये गेले, म्हणाला, आणि त्याच दमात पुढे, भाडेकरूंकडची सगळी चित्रं न्यायला मी येतोय, लिलाव ठरलाय. जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आमच्या स्वयंपाकघरात मी उभी, आणि समोर भिंतीवरच्या चित्रात पंचविशीतले डेस्मंड. रडू यायच्या आधी संताप आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

लोक त्यांना गमतीनं लॉर्ड म्हणत. जन्मानं ते होतेच. आयर्लंडच्या पश्चिमेला वाडवडिलांचा महाल, भोवती जमीनच जमीन, आणि दिवाणखान्यात सोनेरी चौकटींतले पूर्वज. वडील गेल्यावर यांनी काय केलं, तर ती जमीन कसणाऱ्या कुळांच्याच नावे करून टाकली. घराण्यानं वेड्यात काढलं. आमची जमीन कुळकायद्यात गेली, तर माझे आजोबा मरेपर्यंत कुळांचा उद्धार करत होते, आणि हा माणूस आपण होऊन देऊन मोकळा! मग जर्मन बायकोबरोबर ते इथे आले, ही इमारत घेतली, आणि आयुष्यभर चित्रं जमवली. नावाजलेल्यांची नव्हेत हं. “ज्यांना कुणी विचारत नाही त्यांची,” असं ऐटीत सांगायचे.

फ्लॅट भाड्यानं देतानाची त्यांची एक रीत होती. करारावर सही झाली की आपल्या खोलीत नेऊन म्हणायचे, “एक निवडा. आता ते तुमचंच.” अट एवढीच, की जिथे जेवता तिथे लावायचं, पाहुण्यांना दाखवायच्या खोलीत नाही. माझा नवरा संकोचून एक छोटं निसर्गचित्र उचलायला गेला. मी म्हटलं, छे, मला हे तरुण डेस्मंड हवेत. “अरे देवा! भूक मरेल तुमची,” म्हणाले आणि स्वतःच हातोडी घेऊन वर आले. बायको गेल्यावर तर रोज कॉफीला यायचे. आपल्याच चित्राखाली बसून भांडायचे... राजकारणावरून, माझ्या पातळ कॉफीवरून. त्यांच्या भयानक जर्मनला मी हसले की त्यावरूनही.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, तो दसरा तर विसरणं शक्य नाही. बाल्कनीतल्या झेंडूचे हार त्यांनी दाराला घातले, गाडीला घातले आणि उरलेला मोठ्या मनानं त्या चित्राला! मी किंचाळलेच. “अहो आई, जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालतात का!” त्यांनी जीभ चावली. नेमके तेव्हाच डेस्मंड दारात. भानगड काय आहे ते सांगावंच लागलं. खोकला येईपर्यंत हसले. मग हाराला हात लावून म्हणाले, “माझे पूर्वज पिढ्यानपिढ्या भिंतीवर होते. एका कुळानं कधी फूल आणलं नाही. राहू दे हा.” तेव्हापासून सासूबाई त्यांना डेस्मंडराव म्हणू लागल्या.

परवा पुतण्या आला. मागे दोन हमाल आणि खोकी. तळमजल्यावरच्या शेजारीण फ्राऊ क्र्युगरनी दारच उघडलं नाही, आतून नुसतं “नाइन!”, म्हणजे साफ नाही. मी उघडलं. चित्राकडे बघून त्यानं नाक मुरडलं. “तेलाच्या धुरात ठेवलंय? गुन्हा आहे हा.”

“त्यांनीच लावलंय तिथे. तुम्ही कधी आला होतात बघायला? हॉस्पिटलमध्ये तरी?”

तो लालबुंद झाला. “या चित्रांवर तुमचा हक्क काय? तुम्ही भाडेकरू!”

बरं झालं बाई, त्यानंच तो शब्द काढला. “गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हटलं, “भाडेकरूच. तुमच्या काकांनी जमीन कुणाला दिली होती? आणि ती तुमच्या घराण्याला परत मिळाली का?”

वकिलाची धमकी देत तो जिना उतरला. मी दार लावलं आणि पोटभर रडले. खूप आठवण येते हो त्यांची. मग डोळे पुसून ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून जेवले. उद्याही तिथेच जेवणार आहे.