बापाचं तोंड

भूकंपानंतरची पहिली काही वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. दुपारी पत्रा असा तापायचा की माय पोतं भिजवून अंथरायची आणि मला त्यावर निजवायची. ती स्वतः नव्या गावठाणाच्या बांधकामावर विटा वाहायला जायची. पुढं सरकारनं आम्हाला जे घर दिलं, त्याच्या भिंतीत तिच्याच डोक्यावरून गेलेल्या विटा असतील. अण्णा, म्हणजे माझे वडील, भूकंपात गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. माय मला घेऊन उदगीरला माहेरी गेली होती म्हणून आम्ही राहिलो. दगडमातीचं घर, अण्णा आणि त्यांच्या लग्नातला एकुलता एक फोटो एकाच ढिगाऱ्याखाली गेले.

घरात मी मुलगा होते. गावाच्या लेखी अजूनही आहे.

दहावीला मार्क चांगले पडले तसं सगळ्यांनी मायला सांगितलं, पोराला लातूरला टाक. एसटीत बसले तेव्हा माय खिडकीशी आली आणि म्हणाली, "बापाचं तोंड घेऊन चाललास. खाली घालू नको." मी हाव म्हटलं. सोळाव्या वर्षी दुसरं काय म्हणणार.

लातुरात त्या काळी गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. पहाटे फिजिक्स, मग केमिस्ट्री, मग कॉलेज, पुन्हा क्लास. एका खोलीत पाच खाटा, आणि प्रत्येकाच्या उशापाशी कुणाच्या तरी बापाचं स्वप्न ठेवलेलं. खोलीवरची पोरं मला "हळू चाल की रे, कंबर मोडंल" म्हणायची. मी मान खाली घालून पाठांतर करायची.

बारावीच्या फॉर्मला फोटो लागत होते. माय त्या दिवशी लातूरला आली होती, ती स्टुडिओत सोबत आली. भूकंपानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचा फोटोच उरला नव्हता, आणि स्टुडिओवाल्यांना त्याचा तोडगा ठाऊक होता. लेकाचा किंवा भावाचा फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याला फेटा, मिशा आणि चार सुरकुत्या चढवायच्या, की माणूस तयार. स्टुडिओवाला मायला विचारत गेला, "असे होते का? मिशी अजून जाड?" माय म्हणाली, "असंच. हुबेहूब." तो फोटो तिनं चौकट करून भिंतीला लावला, हार घातला. पुढं घरी येईल तो पाहुणा फोटोकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "डिट्टो बापावर गेलाय." माझाच फोटो माझ्याविरुद्ध साक्षीला उभा असायचा.

मेडिकलला नंबर लागला नाही. नांदेडला बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेणारी पहिली मीच, आणि हे मी आजही न विचारता सांगते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी केस वाढवले, नाव बदललं, कॉलेजात सलवार घालून गेले. गावात ते कळायला एक आठवडा लागला. चुलत्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "भावाचं तोंड काळं केलंस. इकडं येऊ नको." गावात राहिलेल्यांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी तेव्हा मान हलवली, ते मला माहीत आहे.

नांदेडलाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. मुलं माझ्या तासाला वर्गात मावायची नाहीत. क्लासच्या बाहेर भलामोठा फ्लेक्स होता, त्यावर सगळ्या शिक्षकांचे फोटो होते. माझा नव्हता. मालकाला विचारलं. ते आदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता एक नंबर. पण पालक बोर्ड बघून येतात. तेवढं चेहऱ्याचं काम करून घ्या, मग तुमचा फोटो मधोमध टाकू."

चेहऱ्याचं काम मला नवं नव्हतं. माझी मैत्रीण रुखसाना हैदराबादला जाऊन ते करून आली होती. कपाळाचं हाड घासून घेतलं, जबडा बारीक केला. तिचं साड्यांना फॉल-पिको करण्याचं दुकान आहे. आता ती रस्त्यानं जाते तेव्हा कुणी वळून बघत नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं. मला म्हणाली, "दो महिने सूजन, फिर सुकून. डॉक्टर जबडा घिसे, नसीब घिसनेकी मशीन नई उनके पास. पर तू जा. तू खाली सोचती बैठती."

गेले. डॉक्टरांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, पेननं जबड्यावर, भुवयांवर रेघा ओढल्या आणि स्क्रीनवर नंतरचा चेहरा दाखवला. खोटं कशाला बोलू, मला ती बाई हवीशी वाटली. तिला ऑटोवाला "ओ भाऊ" म्हणणार नव्हता. मी तारीख घेतली.

मायला सांगायला दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. तोंडाला ओढणी बांधून, चुलत्याच्या दारावरून. माय ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साडी नेस. केस वाढव. कुणी बोललं तर मी हाय. पर तोंड कापू नको. त्यांचं तेवढंच राहिलंय."

माझा तोल गेला. म्हटलं, "माय, भिंतीवर आहे तो मीच आहे. फेटा स्टुडिओवाल्याचा, मिशा त्याच्या. त्यात अण्णा कुठं आहेत?"

तिनं ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग खाली बघूनच म्हणाली, "मी तरी कुठं त्यांच्या तोंडाकडं बघितलं होतं? सासू समोर, सासरा समोर. पदर इथपर्यंत. पाच वर्षांचा संसार, त्यात बोलणं तरी किती झालं. स्टुडिओत त्यानं इचारलं, असे होते का. न्हाई आठवत म्हणायची लाज वाटली. आता डोळे मिटले की तुझंच तोंड येतंय."

"मग कसे होते ते?"

"उंच होते. खोकायचे लई. भाकरीचा पापुद्रा माझ्यासाठी काढून ठेवायचे."

मला रडू आलं नाही, राग आला. ज्या तोंडापायी मी सोळाव्या वर्षापासून मान खाली घातली, ज्याला काळं फासल्याबद्दल गावानं मला तोडलं, ते अण्णांचं आहे की नाही हे सांगू शकेल असं त्यांच्या बायकोच्याही आठवणीत काही नव्हतं. आणि दुसरीकडं मी ते कापून घ्यायला निघाले होते, कारण एका मालकाला बोर्डावर बरं दिसायला हवं होतं. माझं स्वतःचं म्हणणं काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

नांदेडला आल्यावर ती तारीख रद्द केली. मायसाठी नाही. रुखसाना चार दिवस बोलली नाही, मग स्वतःच डबा घेऊन आली. तिचं बरोबर होतं, तिच्यासाठी. मला हा चेहरा आवडतो, असं अजूनही म्हणता येत नाही. सकाळी आरशात तो दिसला की काही दिवस चिडचिड होते, काही दिवस होत नाही. पुढं कधी माझ्या मनानं घेतलं तर करीनही. मालकांना राजीनामा दिला. ते म्हणाले, "मॅडम, घाई करताय." मी म्हटलं, "सर, उशीर झालाय."

गावाकडच्या घराला कुलूप लावून मायला इथं आणलं. शेजारीण तिला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमची लेक कडक हाय हो." माय म्हणाली, "मास्तरीण हाय, कडक असणारच." तिनं यापेक्षा जास्त कधी काही म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही. दोन खोल्या आहेत, गोदावरी चालत जाण्याच्या अंतरावर. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर आता मी गावाचं नाव सांगत नाही.

तुम्हाला तिकडं कुणी विचारलं तर एवढं सांगा: ती एम.एस्सी. झाली, नांदेडला स्वतःचा जीवशास्त्राचा क्लास चालवते, आणि माय तिच्यापाशी असते.