आईला दिलेलं आवतण

परवा नातीच्या खरचटलेल्या गुडघ्याला हळद-तूप लावलं आणि त्या वासानं मला थेट किन्हीराजा गावातल्या आमच्या गोठ्यात नेऊन उभं केलं. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट, पोळ्याची आदली संध्याकाळ. वडील बैलांच्या जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते आणि आम्ही दोघी बहिणी रीतीप्रमाणे बैलांना ओरडून आवतण देत होतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" वाटीत थोडं तूप उरलं. चार वर्षांची धाकटी ते घेऊन चुलीपाशी गेली, आईच्या खांद्याला फासलं आणि तिलाही तेच आवतण दिलं. आई हसली, "मी काय बैल आहो वं?" "तुयाबी खांदा दुखते ना, जात्यावर दयन दयून?" दुसऱ्या दिवशी सजलेल्या बैलांनी पुरणपोळी खाल्ली, मग वडील पाटावर बसले, तर धाकटी ताटापुढे आडवी. "पयले आई. तिले आवतन देल्लं हाये." सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवणारी आई तव्यापासून ओरडली, "मी जेवतो मंग, हट तिथून!" आता वडील भडकणार म्हणून मी भिंतीला चिकटले. ते उठले. "आवतन देल्लं त मोडता येत नाही," म्हणाले, आईला स्वतःच्या पाटावर बसवलं आणि तव्यावरची पोळी आपल्या हातानं तिला वाढली. आईनं संकोचत घास घेतला, थांबली आणि हळूच म्हणाली, "गरम पोयी अशी लागते काय वं?" आता दारात बैल नाहीत, पण पोळ्याची पहिली पोळी आमच्याकडे, वाफ जायच्या आत, लाटणारीच खाते.