मायाची मजुरी

वरूडच्या त्या वस्तीत माया कोणाला आवडत नव्हती आणि मायालाही वस्तीतलं कोणी आवडत नव्हतं. रस्त्यात कोणी "काय वं माया, जेवली का?" म्हटलं, तर ती थांबतसुद्धा नसे. मी जेवले की नाही, याच्याशी यांना काय करायचंय, असं तिला खरोखरच वाटे. बायका तिला शिष्ट म्हणत, पोरं येडी म्हणत. शाळेत बाईंनी मंद ठरवून तिला मागच्या बाकावर बसवलं, ते ती शाळा सुटेपर्यंत तिथंच राहिली.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा तिचा भाऊ धर्मेंद्र तिला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मायाला तो शब्द मुळीच पटला नाही. स्वतःत मग्न व्हायला तिला कोणी सवड दिली होती? शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, लग्नातला डीजे, सगळं थेट तिच्या कानात घुसायचं आणि डोक्यात तासन्‌तास वाजत राहायचं.

पुढं अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आणि निराधार योजनेचे पैसे दरमहा सुरू झाले. धर्मेंद्र पुण्याला कामाला गेला आणि फोनवरून चौकशी करण्यापुरता उरला. वडील वारले होते. आई इंदूबाई लोकांच्या संत्र्याच्या बागांत मजुरीला जायची. बँकेतून मायाचे पैसे तीच काढून आणायची आणि घरात वाद झाला की बोलून दाखवायची, "तुह्या पैशावर नाही, माह्या हाडावर घर चालते." पण पैसा आला नाही तर त्याच घरात चूल कशी पेटते, हे दोघींनाही माहीत होतं.

तिसाव्या वर्षी मायानं सांगितलं, की ती पंजाबरावांच्या पॅकिंगमध्ये कामाला जाणार. पंजाबराव संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या शेडमध्ये धुतलेली संत्री पट्ट्यावरून येत; खराब, दबलेली, डागाळलेली बाजूला काढायची. आई मध्यंतरी काही दिवस तिथं कामाला होती; माया एकदा तिचा डबा द्यायला गेली, तेव्हा तिनं तो पट्टा पाहिला होता. फळ येतं, पुढं जातं, काही विचारत नाही.

इंदूबाई भडकली. "बहार संपला का काम संपते. पैसा बंद पडला तर परत कोण चालू करन? तुहा बाप?"

"बाप मेला," माया म्हणाली.

आईनं हातातलं भांडं आपटलं. मायानं कान झाकले, पण दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच.

काम तिला जमलं. भर उन्हातही कानाला मफलर गुंडाळून ती पट्ट्याशी उभी राही. मोटरची एकसारखी घरघर तिला चाले. फळ्यांच्या पेट्या ठोकणारा हातोडा मात्र सोसत नसे, म्हणून तिनं सगळ्यात लांबची जागा धरली. बाकीच्या बायका तिच्या मफलरवर हसत. एक जण मुद्दाम मागून येऊन पाठीवर थाप मारी. मायानं एकदा तिच्या हातावर कचकन नख रुतवलं. तेव्हापासून थापही बंद झाली आणि बोलणंही. मायाला ते बरंच वाटलं.

आठवड्याच्या शेवटी मजुरी हातात पडली, ती इतर बायांपेक्षा कमी होती. मायानं पंजाबरावांना कारण विचारलं. ते मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "तू अपंग हायेस ना? तुले सरकार देतेच. आमी ठेवलं हेच लय झालं."

तरीही ती जात राहिली. त्या पैशांतून तिनं जाड पडदा आणून आपल्या कोपऱ्याला लावला. आईचा हात न लागता आलेली तिच्या आयुष्यातली ती पहिली वस्तू होती.

गल्लीच्या तोंडाशी कौशल्याबाई राहायच्या. त्यांचा नवरा वारला होता आणि निराधारचा अर्ज दरवेळी काही ना काही खोट काढून परत येत होता. ही धडधाकट पोरगी रोज सकाळी कामाला निघालेली त्यांना दिसे आणि त्यांचा जळफळाट होई. शेवटी त्या स्वतः तालुक्याच्या कचेरीत जाऊन सांगून आल्या. चौकशीचं बोलावणं आलं.

आदल्या दिवसभर इंदूबाई लेकीला पढवत होती. तिथं बोलायचं नाही. मान खाली घालायची, हात हलवायचे, जमलं तर थोडं रडायचं. कामाचं विचारलं तर मीच सांगेन, की ती नुसती माझ्यासोबत बागेत येऊन बसते.

कचेरीत पंखा खडखडत होता आणि चार माणसं एकाच वेळी बोलत होती. साहेबांनी मायाला आपल्याकडं बघायला सांगितलं. ती खिडकीकडं पाहत राहिली.

"दिसते तर चांगली. काम करतेस का कुठं?"

इंदूबाईनं टेबलाखालून तिच्या मांडीला जोरात चिमटा घेतला.

"करतो," माया म्हणाली. "पंजाबरावच्या पॅकिंगात."

"मग अपंग कशी?"

मायाला खडखडाटात शब्द जुळवायला वेळ लागला. साहेबांनी पुढची फाईल ओढली, तेव्हा ती बोलली. "मालक म्हणते, अपंग हायेस म्हणून मजुरी कमी. तुमी म्हणता, काम करतेस म्हणून अपंग नाही. तुमी दोघं एका खोलीत बसा अन् काय ते ठरवा. तवर मी बाहेर थांबतो."

साहेबांनी तिला उद्धट म्हटलं. पुढच्या महिन्यापासून पैसे बंद झाले. इंदूबाई लेकीशी बोलायची थांबली. ताट सरकवायची, तेही पायानं.

पैसे बंद झाल्याचं कळलं, त्या दिवशी माया शेडमध्ये शिरली ती सरळ मोटरपाशी गेली आणि तिनं लाल खटका दाबला. पट्टा थांबला. बाहेर ट्रक अर्धा भरून उभा होता.

"सोड तो खटका," पंजाबराव म्हणाले.

"आता मले सरकार देत नाही. मजुरी बराबर करा. मागचीबी द्या."

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बाया ओरडू लागल्या. काम थांबलं की त्यांचं नुकसान होतं, त्यामुळं मायाच्या बाजूनं एकही जण बोलली नाही. मायाचे डोळे गच्च मिटले, दात आवळले गेले, पण खटक्यावरचा हात हलला नाही. ट्रकमध्ये माल तापत होता. पंजाबरावांनी शिवी दिली, फरकाच्या नोटा मोजल्या आणि तिच्या पायाशी टाकल्या. तिनं त्या वेचल्या, खटका सोडला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून येऊ नको," ते मागून म्हणाले.

तो उन्हाळा फार वाईट गेला. संत्र्याचे वर्षाला दोनच बहार; मृग आटोपला होता आणि आंबियाला अजून अवकाश होता. बागांतही काम नव्हतं. इंदूबाईचं मौन सुटलं ते "ना घरकी ना घाटकी झाली तू" या वाक्यानं, आणि मग ती दिवसभर तेच बोलू लागली. मायानं एकटीनं कचेरी गाठली आणि विचारलं, काम नसेल तेवढ्या महिन्यांचे पैसे मिळतात का. कारकून हसला. "बाई, अपंगत्व बारमाही असते. त्यात आंबिया अन् मृग नसतो."

कौशल्याबाईंचाही अर्ज मंजूर झाला नाही. एका दुपारी त्या दारात आल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मायानं दार लावून घेतलं आणि पलीकडून पावलं जाईपर्यंत कडी धरून उभी राहिली.

आंबिया बहाराला मोर्शी रोडवर नवं पॅकिंग सुरू झालं. तिथल्या मुकादमाला, सहदेवला, मायानं पहिल्याच दिवशी सांगितलं: पुरी मजुरी, हातोड्यापासून लांबची जागा, आणि पाठीला कोणी हात लावायचा नाही. सहदेवनं तिला वरून खालून पाहिलं. बोलभांड बाई म्हणून तिचं नाव आधीच त्याच्या कानावर आलेलं होतं. पण माल तुंबला होता आणि माणसं मिळत नव्हती.

"किरकिर केली तर काढून टाकीन," तो म्हणाला.

"मजुरी कापली तर पट्टा बंद करीन," माया म्हणाली, आणि मफलर घट्ट बांधून कामाला लागली.