डाव्या हाताचा ब्रेक

मंडळी, आत्ताच घडलेलं लिहितेय.

माझ्या रेसिंग सायकलचे ब्रेक ढिले झाले होते. आज सकाळी अंगणात बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत जुन्या केबल काढल्या, नव्या ओवल्या, ब्रेकचे रबर बदलले. चाकं हातानं फिरवून दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. कचकन लागले. लई खूश झाले मी!

तेवढ्यात माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आण इकडं, एक चक्कर मारून बघतो." जन्मभर सायकल चालवलेला माणूस. मी कशाला अडवू?

गल्लीच्या उतारावर एक रिक्षा अचानक आडवी आली. अण्णांनी सवयीनं डावा ब्रेक दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं, मागचं वर उठलं आणि अण्णा हँडलवरून थेट रस्त्यावर! मी किंचाळतच धावले. कोपर सोललं होतं, डोकं थोडक्यात वाचलं. खाली बसल्या बसल्याच म्हणाले, "ब्रेक मात्र कडक बसवलास गं."

मला काही कळेना. घरी येऊन व्हिडिओ परत लावला. त्या माणसाच्या मागं रस्ता दिसत होता, आणि तिथल्या सगळ्या गाड्या उजव्या बाजूनं चालल्या होत्या. परदेशातला व्हिडिओ! त्यांच्याकडं डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आपल्याकडं मागचा. मी त्याचं बघून जशाच्या तशा केबल लावल्या होत्या.

आत्ता उठा आणि तुमच्या सायकलचा डावा ब्रेक दाबून बघा. कुठलं चाक थांबलं? आणि ती सायकल घरात आणखी कोण चालवतं?