दारासमोरच्या भिंतीवरचा प्लाझ्मा

सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी देवळाली कॅम्पातल्या घरी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो. सुमनबाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, शेजारच्या बिऱ्हाडातल्या, मूळच्या चांदवडकडच्या. फोनवर त्या नेहमी ओरडून बोलतात, पण त्या दिवशी आवाज अगदी हळू होता. "दादा, तुम्ही जरा येऊन जा. ताई दार नाय उघडत. आत बोलल्याचा आवाज येतो, म्हणून काल आम्ही बेल नाय वाजवली, म्हटलं पाव्हणे असतील. पण कालची दुधाची पिशवी बी दारातच हाय..." माझ्याकडे दुसरी किल्ली होती. स्कूटरवरून नाशिकच्या द्वारकेपर्यंत, ताईच्या घरी कसा आलो ते आठवत नाही. जिन्यात उभ्या असलेल्या माणसांनी मला वाट करून दिली, तेवढं आठवतं. दार उघडलं तेव्हा ताई तिच्या खुर्चीत होती आणि टीव्हीतून एक बाई आणि एक पुरुष द्राक्षांवरच्या रोगाबद्दल शांतपणे बोलत होते. मी आधी टीव्ही बंद केला. ताईकडे त्यानंतर वळलो. कुणी विचारलं नाही तरी हे मला सांगायला हवं होतं, आणि ते लिहायला इतके आठवडे लागले.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, काही मिनिटांतच सगळं झालं असेल. कोणी जवळ असतं तरी फरक पडला नसता. लोक मला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतात. माझं दुखणं त्या मिनिटांचं नाही. त्यानंतरच्या पूर्ण दिवसाचं आहे, आणि त्याआधीच्या दोन वर्षांचं.

आम्हा दोघांच्या वयात सोळा-सतरा वर्षांचं अंतर. आई मी लहान असतानाच गेली, पाठोपाठ वडीलही. ताई तेव्हा दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. तिने लग्न केलं नाही. माझ्यामुळे केलं नाही असं नातेवाईक म्हणत. ती स्वतः मात्र म्हणायची, "याच्यामुळे कसलं? मला सकाळी उठून कुणाचा चहा करायचा कंटाळा." मला मात्र चहा करून द्यायची. द्वारकेपासून थोडं आत, जुन्या तीन मजली इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेर लांब सामाईक गॅलरी. त्या गॅलरीत सगळेच तिला ताई म्हणत. तिच्याहून मोठ्या असलेल्या सुमनबाईसुद्धा, आणि सुमनबाईंच्या सासूबाईसुद्धा. माझ्या बहिणीला हाक मारायला माझ्याकडे जो एक शब्द होता, तोही साऱ्या मजल्याचा होता. आज हे वाचायला बालिश वाटेल. मला ते फार वर्षं टोचत होतं.

नव्वदच्या सुमारास ताईने रंगीत टीव्ही घेतला, पुढे केबलही आली, आणि आमचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. बोलावणं कुणाला नसे. जाता-येता माणसं टेकत. आत येऊन बसणारी थोडी. बरीचशी उंबऱ्यावर, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय आत आणि एक गॅलरीत. कारण घरात गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचं, पाळण्यात कोणीतरी झोपलेलं असायचं. पूर्ण आत आलं म्हणजे पाहुणं होणं आलं. मग चहा, मग संकोच. उंबऱ्यावर बसलं की त्यातलं काहीच नाही. जाहिरात लागली की निम्मी गर्दी आपापल्या गॅसकडे पळे. सुमनबाई परत येऊन म्हणत, "ताई, तुमच्या टीव्हीपायी माझी भाजी लय करपली आज." ताई म्हणे, "इकडेच आण. बघता बघता ही माणसं काय खातात ते त्यांना कुठं कळतं?" कुणाला इंजेक्शन टोचून घ्यायचं असलं की तेही टीव्हीसमोरच व्हायचं. माणूस पडद्याकडे बघत असताना ही काम उरकून घ्यायची, आणि तो "टोचा आता" म्हणायचा तेव्हा कापूस चोळत म्हणायची, "तू बघ मालिका, माझं झालंसुद्धा."

त्याच गर्दीत मी मागच्या खोलीत दार लोटून परीक्षांचा अभ्यास करायचो. विमा कंपनीत माझी निवड झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत घरी आलो. खोली खचाखच भरलेली, ताईच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलेलं. मी दारातूनच म्हणालो, "ताई, एक सांगायचंय." तिने पडद्यावरची नजर न काढता हात वर केला, "थांब रे, जाहिरात लागू दे." मी थांबलो. जाहिरात लागली, मी सांगितलं, आणि एका क्षणात ती बातमी सगळ्यांची झाली. कुणी पाठ थोपटली, कुणी साखर आणली, सुमनबाईंनी माझ्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. ताई रडत होती, पण तिच्या आणि माझ्या मधे पंधरा माणसं होती. ती माझ्यावर प्रेम करणारी माणसं होती, हे मला आज कळतं. तेव्हा मनात एवढंच आलं, की एकदा हे दार लावून घ्यायचं...

पुढे माझं लग्न झालं, मी देवळालीला राहायला गेलो. ताई निवृत्त झाली तेव्हा जुना टीव्ही अखेरच्या घटका मोजत होता. चित्राच्या कडा हिरव्या पडल्या होत्या. मी म्हणालो, नवा माझ्याकडून. द्वारकेच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. मला फक्त तिच्याबरोबर असा वेळ कित्येक वर्षांनी मिळाला होता. दुकानातला माणूस बोलका होता. त्याने आम्हाला आधी बेचाळीस इंची प्लाझ्मासमोर उभं केलं. "बघा ताई, काळा रंग कसा काळाकुट्ट दिसतो." ताई म्हणाली, "काळाकुट्ट बघायला आमच्या घरचा आरसा पुरेसा आहे, भाऊ. दुसरं काय दाखवतो?" तो हसला. मग तिने वाकून त्या काचेत पाहिलं. "अरे, यात तर मीच दिसते. आणि मागचा रस्ताही."

"समोरून उजेड आला की दिसणारच," तो म्हणाला. "प्लाझ्माला पुढे काच असते ना. दार-खिडकी लावून घ्यायची, पडदा ओढायचा, मग बघा मजा. थिएटर!"

"आणि दार लावायचं नसेल तर?"

त्याने शेजारचा बत्तीस इंची एलसीडी दाखवला. त्याचा पडदा काचेसारखा चमकत नव्हता. भर उजेडातही चित्र स्वच्छ दिसत होतं. किंमत जवळपास तेवढीच. ताई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा बरा आहे. दार उघडं राहील."

तिने इतकं सरळ सांगितलं होतं. दुकानात आम्ही गेलो होतो ते तिच्या घरासाठी, तिच्या खोलीसाठी. आणि मी तिला उलट बाजूने गुंडाळलं. म्हणालो, "अगं, त्याच पैशात बेचाळीस इंच मिळतोय आणि तू बत्तीस घेतेस? आणि हे बघ, एलसीडी बाजूने बघितला की फिका पडतो. प्लाझ्मा कुठूनही सारखाच दिसतो. तुझी मंडळी कोपऱ्यात बसली तरी नीट दिसेल." एकही शब्द खोटा नव्हता. दुकानदारसुद्धा मान डोलवत होता. ताईचा चेहरा उजळला. "तसं असेल तर हाच घे बाबा. सुमनला नेहमी कपाटाशेजारी बसावं लागतं." जो टीव्ही दार लावायला लावणार होता, तो मी तिला माणसांचं नाव घेऊन विकला. किंमत, आकार, चित्राचा दर्जा हे सगळं मी तिला आणि घरी बायकोलाही सांगत राहिलो. मला ते दार बंद झालेलं हवं होतं, हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

एवढा मोठा टीव्ही मावेल अशी भिंत त्या खोलीत एकच होती, दारासमोरची. पहिल्याच रविवारी मॅच होती. सगळे आले, कौतुक झालं, आणि नेहमीप्रमाणे निम्मे उंबऱ्यावर बसले. पडद्यावर मैदानाच्या मधोमध गॅलरीचा कठडा दिसत होता, वाळत घातलेल्या साड्या दिसत होत्या, उंबऱ्यावरच्या माणसांची तोंडं दिसत होती. गोलंदाज धावत यायचा तो सुमनबाईंच्या पदरातून. लोकांना त्याचीच गंमत वाटत होती. "ताई, मी बी टीव्हीत आले गं!" सुमनबाई ओरडल्या आणि सगळे हसले. ताई तर डोळे पुसत हसत होती. मी उठलो. आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. म्हणालो, "एक तर आत या, नाही तर बाहेर थांबा. दारात नको. दार लावून घ्यायला लागेल."

कोणी रागावलं नाही. एक-दोघं आत सरकले. बाकीचे "येतो मग" म्हणत उठले. सुमनबाई म्हणाल्या, "माझी डाळ हाय गॅसवर." मी दार लावलं, पडदा ओढला. चित्र खरंच सुंदर दिसलं. ताई काही वेळाने म्हणाली, "छान आहे रे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू म्हणतोस तर लावत जाऊ दार."

बंद दाराची बेल वाजवून कोणी टीव्ही बघायला जात नाही. एवढी साधी गोष्ट. भांडण झालं नाही, बोलणं तुटलं नाही. कामाला सगळे एकमेकांना होतेच. फक्त टेकायला जागा राहिली नाही. आणि मला जे हवं होतं ते मिळालं: दार लावलेली खोली, मी आणि माझी बहीण. तसे काही रविवार मी गेलो. आम्ही दोघं त्या मोठ्या पडद्यासमोर बसायचो आणि आम्हाला एकमेकांशी बोलायला काहीही सुचायचं नाही. इतकी वर्षं आम्ही जे बोललो होतो ते त्या माणसांच्या गलक्यातून, एकमेकांकडे न बघता, येता-जाता. समोरासमोर बसून बोलायची सवय आम्हाला नव्हतीच. ती विचारायची, "चहा टाकू?" मी म्हणायचो, "नको, आत्ताच घेतला." मग जाहिरात लागायची. हळूहळू माझे रविवार पंधरवड्याचे झाले, मग महिन्याचे. देवळालीहून येणं अवघड नव्हतं. मी ते अवघड असल्यासारखं वागत होतो. तू दार उघडं ठेव, चित्र खराब दिसलं तर दिसू दे, हे एक वाक्य मी दोन वर्षांत तिला म्हणालो नाही. म्हटलं असतं तर 'दारात नको' हे पहिलं वाक्य मी का म्हणालो होतो, तेही सांगावं लागलं असतं.

ताई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्याच गॅलरीत झाला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली, आणि मी खोलीत एकटा होतो. सुमनबाई भांडी परत द्यायला आल्या आणि आत न येता उंबऱ्याशी थांबल्या. मी म्हणालो, "बसा ना." त्या बसल्या नाहीत.

"एक विचारू, दादा? ताईंकडे इतके कोण येत होते हो? रोजच बोलनं ऐकू यायचं. कधी बाई, कधी पुरुष. आम्हाला वाटायचं दवाखान्यातले असतील, म्हणून आम्ही मधे नाय आलो."

"कोणी येत नव्हतं, सुमनबाई. टीव्ही असायचा."

"टीव्ही नाय हो! टीव्ही मला कळत नाय का? मालिकेतलं बोलनं येगळं असतं. हे लोक सावकाश बोलायचे. घरच्यासारखे."

मी त्यांच्या हातातली भांडी घेतली. त्या गेल्यावर मी कितीतरी दिवसांनी टीव्ही लावला. एका पांढऱ्या कपड्यांच्या साबणाची जाहिरात लागली, आणि त्या पांढऱ्या पडद्याच्या मधोमध मला एक फिकट चौकोन दिसला. चौकोनात अक्षरांच्या पुसट खुणा. चॅनेल बदललं तरी तो जाईना. दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने एक नजर टाकून सांगितलं, "प्लाझ्मा आहे साहेब. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग बसतो. इथं रोज रेडिओ लावत होते वाटतं." नव्या टीव्हीबरोबर बसवलेल्या डिशच्या खोक्यावर रेडिओही लागतो, हे मला माहीत नव्हतं. त्याने लावून दाखवला. पडद्यावर काहीच हलत नाही, नुसती नाव लिहिलेली एक पाटी, आणि आतून माणसं बोलतात. पाटी त्या डागावर चपखल बसली. मी दार उघडलं त्या दिवशीचं द्राक्षांवरचं बोलणंही याच रेडिओवरचं होतं. एवढा मोठा पडदा, एवढं सुंदर चित्र, आणि ताई त्यावर काही बघतच नव्हती. घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून ती रेडिओ लावून बसायची. बाहेरच्यांना वाटायचं तिच्याकडे माणसं आली आहेत, आणि ते आपापल्या दारी परत जायचे. बोलणं ऐकू येणाऱ्या घरात आगंतुकासारखं शिरू नये, एवढी रीत त्या गॅलरीला होती.

दुरुस्तीवाला म्हणाला, डाग पुसट होईल. उजेडाची, हलती चित्रं भरपूर वेळ चालू ठेवा. मी मान हलवली. अजून तसं काही केलेलं नाही. खोल्या अजून ताईच्याच नावावर आहेत, आणि दर रविवारी मी तिथे जातो. पडदा बाजूला सारतो, दार सताड उघडतो, आणि तिच्या खुर्चीत बसून टीव्ही लावतो. गॅलरीतला उजेड पडद्यावर पडतो, चित्र निम्मं धुऊन जातं. माणसं दारावरून जातात, कोणी मान हलवतं, कोणी नुसतं बघतं. कोणी टेकत नाही. मीही बोलावत नाही, बोलावण्याचा अधिकार मला वाटत नाही. फक्त आवाज पूर्ण बंद ठेवतो, म्हणजे आत पाहुणे आहेत असं कुणाला वाटायला नको.